अडलेला प्रोग्रॅम आणि दुसरा माणूस



आजच्या व्याख्यानाचा विषय 'पायथन' असल्याचे कळवले, तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एका गृहस्थांनी मला अत्यंत आदराने विचारले, "आपण सर्पमित्र आहात काय?" त्यांचा दोष नाही. नावच तसे आहे. पण संगणकाच्या या भाषेचे नाव अजगरावरून पडलेले नाही. ग्विडो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरने ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्राच्या संशोधनसंस्थेत काम करीत असताना, १९८९ सालच्या नाताळच्या सुट्टीत, फावल्या वेळचा उद्योग म्हणून ती रचायला घेतली, आणि बीबीसीवर गाजलेल्या 'मॉण्टी पायथन' या विनोदी मंडळींच्या नावावरून तिचे बारसे केले. १९९१ साली ती लोकांपुढे आली. आज आपल्याकडच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले जी पहिली संगणकभाषा शिकतात, ती पुष्कळदा हीच असते. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी, रात्री अकरा वाजता, पडद्याकडे पाहून केस उपटणारा एखादा चिरंजीव किंवा एखादी कन्या असणार. मी आज बोलणार आहे ते त्या केस उपटण्याविषयी. भाषा शिकवण्याचा माझा इरादा नाही. ते काम तासाभराच्या व्याख्यानात होतही नाही.

प्रोग्रॅम म्हणजे काय, हे मात्र थोडक्यात सांगितले पाहिजे. लग्नघरी आचाऱ्याला आपण यादी देतो. "वरणाला फोडणी द्या" एवढे म्हटले की त्याला कळते. तेल आधी तापवायचे, मोहरी तडतडली की हिंग, हे त्याला सांगावे लागत नाही. आणि यादीत चुकून 'मीठ दहा किलो' असे पडले, तर तो यजमानाला हाक मारून विचारतो. संगणक हा असा आचारी आहे, की ज्याला शहाणपण मुळीच नाही आणि आज्ञाधारकपणा मात्र अपार आहे. दहा किलो लिहिलेत तर तो दहा किलो घालील. ही आज्ञांची यादी म्हणजे प्रोग्रॅम. तिच्यात चूक असली की दोनपैकी एक गोष्ट घडते. एकतर यंत्र अडते आणि तक्रार करते. किंवा अडत नाही, आणि खारट वरण पंगतीला वाढून मोकळे होते. दुसरा प्रकार अधिक वाईट, हे सांगायला नकोच.

चुका होतात हे कळायलासुद्धा मोठमोठ्यांना वेळ लागला. केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांनी 'एडसॅक' नावाचे यंत्र उभारले. १९४९ साली ते चालू झाले. प्रोग्रॅम कागदी फितीवर भोके पाडून द्यायचा, आणि भोके पाडण्याचे सामान वेगळ्या मजल्यावर. विल्क्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे, की त्या जिन्यावरून जा-ये करताना एकदा वळणावर त्यांच्या एकदम ध्यानात आले: उरलेल्या आयुष्यातला बराच मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. ज्याने यंत्र बांधले त्याची ही कथा, मग आपल्या चिरंजिवांची काय सांगावी? चुकीला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. १९४७ साली हार्वर्डच्या यंत्रात खरोखरीचा पतंग सापडला, आणि तो तिथल्या लोकांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट खरी आहे. शब्द तिथून निघाला असे जे सांगतात, ते मात्र बरोबर नाही. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो आहे. असो.

पायथन अडली म्हणजे काय करते? ती काही ओळी छापते. त्या इंग्रजीत असतात, लांबलचक असतात, आणि लाल अक्षरांत असल्या की पाहणाऱ्याला पोलिसाची नोटीस आल्यासारखे वाटते. पोरे त्या वाचतच नाहीत. वास्तविक हे पत्र आहे आणि ते मदतीसाठीच लिहिलेले आहे. फक्त ते खालून वर वाचायचे असते. सर्वांत शेवटच्या ओळीत रोगाचे नाव. तिच्यावर ज्या ओळीपाशी यंत्र अडले तिचा क्रमांक. आणि त्याच्याही वर, कोणी कोणाला कामाला लावले होते त्याची वंशावळ. हे पत्रलेखन अलीकडे बरेच सुधारले आहे. २०२१ सालच्या ३.१० या आवृत्तीपासून, एखादे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तर यंत्र "तुम्हाला अमुक म्हणायचे होते काय?" असे अदबीने विचारते. एक फार जुनी खोडी आहे. मुलगा सोडतीचा प्रोग्रॅम लिहितो आणि आपल्या फाइलला 'रँडम' हेच नाव ठेवतो. पायथनजवळ त्या नावाचा स्वतःचा एक भाग असतो. मुलगा तो मागवतो, आणि यंत्र त्याचीच फाइल त्याच्या हातात देते. गावात दोन सखाराम असले आणि पत्ता न लिहिता पत्र टाकले, तर ते जवळच्या सखारामाला मिळते, तसे हे. २०२४ सालच्या ३.१३ आवृत्तीपासून यंत्र याही चुकीकडे बोट दाखवू लागले आहे. पण बोट दाखवले तरी पाहणाऱ्याने पाहायला हवे ना!

न बोलणाऱ्या चुकांचे मासले तर विचारू नका. वापरणाऱ्याने ५ आणि ३ हे आकडे टंकले, प्रोग्रॅमने त्यांची बेरीज केली, आणि उत्तर आले ५३. का? तर टंकलेले सर्व काही पायथन अक्षरे समजते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक ठेवणे. दुसरे: ०.१ आणि ०.२ मिळवा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ असे येते. यंत्र द्विमान पद्धतीने मोजते, आणि आपल्याला जसा एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा त्याला एक दशांश लिहिता येत नाही. यात पायथनचा अपराध काही नाही, बहुतेक सगळ्या संगणकभाषांत हेच होते. पण व्याजाचा हिशेब लिहिणाऱ्याने रुपये दशांशात न ठेवता सारे पैशांत, पूर्णांकांत ठेवावे, हे त्याला कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे.

कोणीतरी सांगितलेले असले पाहिजे. माझ्या विषयाचा गाभा इथे आहे, आणि त्यासाठी मी एक हकिकत जरा विस्ताराने सांगणार आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावची ही पतसंस्था. नाव सांगत नाही. तिथे एक हुशार, हौशी तरुण कारकून होता. दरवर्षी लाभांशाच्या याद्या हाताने जुळवाव्या लागत, त्या त्याने पायथनमध्ये बसवल्या. एका तक्त्यात गावाचे नाव आणि त्या गावची शाखा. दुसऱ्यात सभासद आणि त्याचे गाव. सभासदाचे गाव पहिल्या तक्त्यात शोधायचे आणि त्या शाखेच्या यादीत त्याचे नाव घालायचे, एवढेच काम. पहिल्याच दिवशी यंत्र अडले. तक्रार अशी: 'कीएरर', म्हणजे तुम्ही मागितलेली किल्ली या जुडग्यात नाही, आणि पुढे गावाचे नाव, कऱ्हाड.

आता कऱ्हाड तक्त्यात नाही हे कसे शक्य आहे? त्याने तक्ता उघडून पाहिला. कऱ्हाड होते, ठळठळीत होते. मग त्याने आपल्या एका माहितगार मित्राला विचारले. मित्र घाईत होता. तो म्हणाला, "अरे, त्याला ट्राय-एक्सेप्ट घाल आणि पास लिही. जाईल." या मंत्राचा मराठी अर्थ असा, की करून पाहा, आणि अडलास तर गप्प बसून पुढे जा. कारकुनाने तो मंत्र घातला आणि तक्रार खरोखरच नाहीशी झाली. याद्या छापल्या गेल्या, संचालक मंडळाने पाठ थोपटली.

त्यानंतर संस्थेच्या दारात एक वृद्ध गृहस्थ येऊ लागले. लाभांश जमा झाला नव्हता. खिडकीतून उत्तर मिळे, "यादीत नाव नाही, आजोबा." ते भागाची पावती दाखवीत, खिडकीतला मनुष्य यादी दाखवी. यंत्राने काढलेली यादी! ती चुकेल कशी? ते तीनदा आले. तिसऱ्या खेपेला त्या तरुणाने स्वतः त्यांना बसवून घेतले आणि सगळे कागद काढले, तेव्हा कळले की यादीत नाव नसलेले हे एकटेच नाहीत. कऱ्हाडचे बरेच सभासद नाहीत, आणि कऱ्हाडचेच पुष्कळसे आहेतही! तक्रार नाहीशी झाली नव्हती, तिने फक्त पत्ता बदलला होता. पडद्यावर यायची, ती आता म्हाताऱ्या माणसाच्या पायांनी खिडकीशी येत होती.

तरुणाने मग पुण्याला नोकरी करणाऱ्या, त्याच्या बहिणीच्या मैत्रिणीला फोन केला. तो संवाद मला पुढे दोघांकडूनही ऐकायला मिळाला.

तो म्हणाला, "ताई, माझा फॉर लूप नीट फिरत नाही. काही माणसं गाळतो."

ताई म्हणाल्या, "लूप माणसं गाळीत नसतो. तुला काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढंच सांग. कारण सांगू नको."

त्याने सांगितले. त्यांनी पहिले काम सांगितले, ते म्हणजे तो 'पास' काढून टाकायचे. "यंत्राच्या तोंडातला बोळा काढ आधी." बोळा काढला, पुन्हा 'कीएरर', पुन्हा कऱ्हाड.

"पण ताई, दोन्हीकडं कऱ्हाड सारखंच आहे हो. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तू बघितलंस रे. यंत्रानं काय बघितलं ते मला हवंय. तक्रारीतलं नाव जसंच्या तसं उचलून पाठव. स्वतः टंकू नको."

त्याने पाठवले. आणि त्या नावात, 'र्' आणि 'हा' यांच्या मधोमध, एक उलटी तिरकी रेघ, 'यू' हे अक्षर आणि २००डी असे काहीतरी होते. ते पहिल्या दिवसापासूनच तिथे होते. तरुणाने ते यंत्राचे काहीतरी गचाळ म्हणून सोडून दिले होते, आणि मित्राला सांगताना नुसते 'कऱ्हाड' सांगितले होते. ताईंनी त्याला दोन्ही तक्त्यांतल्या कऱ्हाडची लांबी मोजायला सांगितली. एक निघाले सहा, दुसरे सात. मग प्रत्येक चिन्हाचा क्रमांक छापला. एक होते २३२५, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७. दुसरे होते २३२५, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७.

याचा उलगडा मराठी माणसाने ऐकण्यासारखा आहे. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये आपल्या चंद्रकोरीसारख्या, म्हणजे कऱ्हाडातल्या अर्ध्या र साठी एकच वाट नाही. 'ऱ' म्हणून एक स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक २३५३; त्याचा पाय मोडला की हा र येतो. दुसरी वाट अशी, की साधा र, त्याखाली नुक्ता, आणि मग पाय मोडलेला. आणि तिसरी: साधा र, पाय मोडलेला, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह, क्रमांक ८२०५, जो यंत्राच्या सोळामान लेखनात २००डी असा दिसतो. पडद्यावर तिन्ही कऱ्हाड एकसारखी. यंत्राच्या लेखी ती तीन गावे आहेत. पतसंस्थेच्या याद्या तीन ठिकाणी, तीन माणसांनी, तीन निरनिराळ्या कळफलकांवर टंकल्या होत्या. अर्थात जो सभासद ज्या कारकुनाच्या हाताखाली सापडला, तसे त्याचे कऱ्हाड ठरले, आणि तसा त्याचा लाभांश!

औषध काय केले तेही सांगतो, कारण इथे कोणी मराठी याद्या हाताळीत असतील तर उपयोगी पडेल. पायथनमध्ये 'युनिकोडडेटा' नावाचा भाग आहे, आणि त्यात 'नॉर्मलाइझ' नावाची सोय आहे. ती नुक्त्याचा र आणि स्वतंत्र ऱ यांना एकरूप करते. पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या वाटेला ती जात नाही; नियमाने ती दोन रूपे समान मानलेलीच नाहीत. तेव्हा ती अदलाबदल एका वेगळ्या ओळीने स्वतः करावी लागते. नाव वाचल्याबरोबर, तुलना करण्याच्या आधी, हे दोन्ही संस्कार केले आणि तिन्ही कऱ्हाड एक झाली. ताईंनी मग आणखी एक गोष्ट त्याच्याकडून करवून घेतली. एक छोटीशी चाचणी लिहायला लावली, तिच्यात तिन्ही तऱ्हांचे कऱ्हाड मुद्दाम घातले, आणि बजावले की याद्या काढण्याआधी दर वर्षी ती चालवायची. आणि गाव सापडलेच नाही तर गप्प न बसता सभासदाचे नाव वेगळ्या कागदावर छापायचे. आजोबांचा लाभांश जमा झाला. त्यांना युनिकोडचे काही सांगायला गेले असते, तर ते चौथ्यांदा आले नसते असे मला वाटते.

या हकिकतीत मदत दोघांनी केली हे लक्षात घ्या. पहिला मित्र काही दुष्ट नव्हता. त्याला प्रश्न जसा विचारला गेला, तसे त्याने उत्तर दिले, "ही तक्रार कशी घालवू?" असे विचारले, त्याने ती घालवली. अडलेला मनुष्य पुष्कळदा आपली अडचण विचारीतच नाही. त्याने मनाशी एक अर्धवट तोडगा ठरवलेला असतो, आणि त्या तोडग्यात जिथे अडले तेवढेच तो विचारतो. वैद्याकडे जाऊन "पोट दुखते" असे न म्हणता "अमुक गोळी कशाबरोबर घ्यावी?" असे विचारावे, तसला हा प्रकार. चांगला मदतनीस गोळीचे उत्तर राखून ठेवतो आणि पोटाचे विचारतो. ताईंनी तेच केले.

विचारणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. आपला आठशे ओळींचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या अंगावर टाकून "चालत नाही, बघा" असे म्हणणे ही मदतीची याचना नव्हे, ही वेठबिगारी आहे. त्या आठशे ओळींतून एकेक ओळ काढीत जावे, आणि दर वेळी पाहावे की चूक अजून आहे ना. शेवटी आठ-दहा ओळी उरतात आणि चूक तरीही हजर असते. मग त्या दहा ओळी, यंत्राची तक्रार अक्षरशः जशी आली तशी, आणि पायथनची आवृत्ती कोणती ते सांगावे. आवृत्ती कशाला, असे कोणी म्हणेल. २००८ साली पायथनची तिसरी पिढी आली, ती दुसरीशी पुरती जुळणारी नव्हती. दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. तरी जुन्या पुस्तकांतून तिची उदाहरणे अजून भेटतात, आणि नव्या यंत्रावर ती अडतात. नुसते छापायचे असले तरी जुन्या पिढीला कंस लागत नव्हते, नव्या पिढीला लागतात.

गंमत अशी, की ओळी गाळता गाळता निम्म्या वेळा चूक आपल्यालाच सापडते, विचारायची गरजच उरत नाही. हण्ट आणि टॉमस या दोघांनी १९९९ साली प्रोग्रॅमरांसाठी एक पुस्तक लिहिले, त्यात रबराच्या बदकाची युक्ती आहे. टेबलावर बदक ठेवायचे आणि त्याला आपला प्रोग्रॅम ओळीओळीने समजावून सांगायचा. बदक काही बोलत नाही. पण समजावताना "आणि इथे मग हे होते" असे म्हणता म्हणता आपण थबकतो, कारण तिथे ते होत नसते. आपल्याकडे बदकाची जरूर नाही. घरात आजी असते, ती बदकापेक्षा बरी, कारण मधूनमधून ती "का रे?" असे विचारते.

आपली चूक आपल्याला का दिसत नाही, याचे उत्तर मुद्रिते तपासणाऱ्या कोणालाही विचारा. स्वतःच्या लेखाचे मुद्रित स्वतः तपासणारा मनुष्य कागदावरचे वाचीत नाही, डोक्यातले वाचतो. दुसऱ्याच्या डोक्यात ते नसते, म्हणून त्याला कागद दिसतो. तो आपल्याहून विद्वान असला पाहिजे अशी अट नाही. नवखाही चालतो.

आता २०२२ पासून बोलणारी यंत्रेही सर्वांच्या हाताशी आली आहेत. त्यांना रात्री अकराला विचारले तरी ती कंटाळत नाहीत, टोमणे मारीत नाहीत, हा मोठाच गुण आहे. काही माणसांनी तो घेण्यासारखा आहे. नवशिक्याच्या प्रश्नाला "हे तर पुस्तकात आहे" असे उत्तर देऊन त्याला कायमचे गप्प करणारे विद्वान मी पाहिले आहेत. पण यंत्राला विचारतानाही पथ्य तेच. "तक्रार घालव" म्हटलेत तर तेही कदाचित बोळाच देईल. आणि जे उत्तर ते आत्मविश्वासाने देते, ते चालवून पाहिल्याखेरीज खरे मानू नये. दाराशी आलेल्या आजोबांना बसवून घेऊन कागद काढण्याचे काम तर त्याच्याकडे नव्हतेच.

शेवटी एक बारीक गोष्ट राहिली. अडचण सुटली, की ज्याने मदत केली त्याला ती कशाने सुटली ते कळवावे. बहुतेक जण "झालं" एवढेच कळवतात, आणि काय झालं ते सांगत नाहीत. त्या तरुणाने ताईंना सविस्तर पत्र लिहिले, त्यात तिन्ही कऱ्हाडांचे क्रमांक मांडून दाखवले. पुढे त्यांच्याच कचेरीत कोणाची 'सुऱ्या' आणि 'दऱ्या' यांची यादी जुळेना, तेव्हा त्यांनी ते पत्र काढून त्याच्यापुढे ठेवले.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखलेली आहेत. ज्यांनी तक्रारीचा कागद जसाच्या तसा आणला असेल, त्यांनी पुढे यावे.